एक आणा

पहाटे तांब्या पडला.

अक्षय्य तृतीयेची पहाट होती. पुण्यातलं वारजे अजून पुरतं जागं झालेलं नव्हतं. माळवाडीच्या बाजूने दुधाचे क्रेट उतरवल्याचा खडखडाट येऊन गेला होता, कुणाच्या तरी गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, आणि या सगळ्याच्या तळाशी, सवयीच्या झालेल्या जुन्या दुखण्यासारखी, महामार्गाची घरघर चालूच होती. मी मातीची करा-केळी पाण्याने भरायला घेतली होती. तांब्या काठोकाठ भरलेला, बाहेरून ओला, आणि माझी बोटं झोपेतून नीट न उठलेली. तो निसटला. आधी एक जड, भरलेला आवाज झाला, मग पाणी सांडल्याचा, मग रिकामा झालेला तांब्या स्वतःभोवती गिरक्या घेत राहिल्याचा. त्या गिरक्या लहान होत गेल्या, आवाज बारीक आणि घाईचा होत गेला, आणि शेवटी फरशीला काठ टेकवून तो गप्प झाला.

आतून आईने विचारलं, "काय पडलं गं?"

आपल्या घरांतून हा प्रश्न असाच येतो. कुणी पाडलं हे नंतर. आधी काय पडलं. आणि उत्तर यायच्या आत विचारणाऱ्याला ते बहुधा आवाजावरूनच कळलेलं असतं. स्टीलची ताटली वेगळी रडते, पितळी डबा वेगळा, आणि तांब्याचा तांब्या अगदी वेगळा. "तांब्या," मी म्हणाले. "पाहुणा येणार कुणीतरी," आई म्हणाली आणि कुशीवर वळली असावी, कारण पलंग किंचित कुरकुरला.

मी ओल्या फरशीवर तशीच बसून राहिले. तांब्याच्या पोटावर नवा पोचा आला होता. अंगठा टेकवला तर नेमका बसेल एवढा.

कमरेच्या उंचीवरून सुटलेली वस्तू फरशीला भेटते तेव्हा तिचा वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास असतो. रमतगमत चाललेल्या सायकलीइतका. तो वेग एका क्षणात कुठे गेला? शाळेत या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत शिकले होते आणि दोन्ही भाग अजून पाठ आहेत. संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, तो पृथ्वीला मिळाला. पृथ्वी इतकी जड की तिला ते कळलंही नाही. पण हिशोबात ते नोंदलं गेलं. इतकंच नव्हे, तांब्या खाली येत होता तेव्हा तेवढ्याच संवेगाने पृथ्वीही वर, त्याच्याकडे, निघालेली होती. कुठल्याही यंत्राला मोजता येणार नाही एवढी थोडी, पण निघालेली. पडणं एकट्याचं नसतं. दोघं एकमेकांकडे येत असतात. आणि ऊर्जा? तिची वाटणी झाली. थोडी आवाज होऊन आईच्या खोलीत गेली, थोडी गॅलरीतून बाहेर जाऊन महामार्गाच्या घरघरीत मिसळली, थोडी फरशीला आणि तांब्याला नकळत ऊब देऊन गेली. थोडी पाण्याबरोबर ओट्याखाली पसरली. आणि बरीचशी इथे, या अंगठ्याएवढ्या खळग्यात, धातूचे कण हलवण्यात खर्ची पडली.

खर्ची पडली म्हणावं की मुरली म्हणावं?

'मुरणं' हा शब्द अण्णांचा, माझ्या वडिलांचा.

माळवाडीतल्या आमच्या घरासमोर तेव्हा माती होती. पायाला मऊ लागणारी, उन्हाळ्यात पिठासारखी उडणारी, नदीकडून वारा आला की दारात येऊन बसणारी माती. मे महिन्याच्या संध्याकाळी तिच्यावर पाणी शिंपडलं जायचं आणि वाफ धरून ठेवलेला तो वास उठायचा. त्याच ओलसर जागेवर आम्ही गोट्या खेळायचो. मुली फार नसायच्या. मी असायची, कारण अण्णा स्वतः खेळायचे. ते एका कारखान्यात फिटर होते. पाळी संपवून आले की अंगाला तेलाचा आणि तासलेल्या लोखंडाचा वास असायचा. चहा व्हायच्या आत ते उकिडवे बसायचे, डाव्या हाताचं मधलं बोट मागे ताणून गोटी टेकवायचे, एक डोळा मिटायचे, आणि सगळी संध्याकाळ त्या ताणलेल्या बोटापाशी येऊन थांबायची.

टक्.

त्यांची गोटी माझ्या गोटीवर अगदी समोरून बसायची आणि तिथेच, त्याच जागी, थबकायची. आणि माझी, जी आत्तापर्यंत मातीत निवांत पडलेली होती, ती त्यांच्या गोटीचा सगळा वेग अंगावर घेऊन थेट गटाराच्या कडेपर्यंत धावत जायची. त्या थांबलेल्या गोटीकडे मी बघत बसायचे. आत्ता उडत आलेली वस्तू इतकी शांत कशी होते? एकदा माझा नेम तसाच बरोब्बर बसला, माझी गोटी जागच्या जागी थांबली, आणि मला वाटलं की मी हरले. तिची चाल गेली म्हणून मी रडायला लागले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी ती गोटी उचलली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि म्हणाले, "चाल गेली नाही. तिनं देऊन टाकली."

सारख्या वजनाच्या दोन गोट्या समोरासमोर भेटल्या की असं होतं. एक थांबते, दुसरी निघते, चाल एकीची दुसरीला. कॅरममधला स्ट्रायकर मात्र असा थांबत नाही. तो सोंगटीपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असतो, म्हणून तिला धाडून दिल्यावरही त्याच्यापाशी चाल उरते, आणि ती उरलेली चालच त्याला कित्येकदा सोंगटीच्या मागोमाग जाळीत घेऊन जाते. जड माणसाला सगळं देऊन थांबता येत नाही, असं मला पुढे आयुष्यात काही ठिकाणी वाटून गेलं.

पण गोटीतही सगळं जात नाही. हे मला फार उशिरा कळलं. न्यूटनने १६८७ सालच्या 'प्रिन्सिपिया'त दोऱ्यांना टांगलेल्या गोळ्यांच्या टकरींचा हिशोब दिला आहे. काचेचे गोळे जर सोळा हिश्श्यांच्या वेगाने एकमेकांजवळ आले, तर टकरीनंतर पंधरा हिश्श्यांच्या वेगाने दूर जातात. घट्ट गुंडाळलेल्या लोकरीचे गोळे नवाच्या वेगाने आले तर पाचाच्या वेगाने दूर होतात. आणि पोलाद, आश्चर्य म्हणजे त्याच्या हातातलं ते पोलाद, जवळजवळ लोकरीसारखंच वागलं होतं. हे वाचलं त्या रात्री मी कितीतरी वेळ दिवा मालवला नाही. सोळातले पंधरा. म्हणजे रुपयातले पंधरा आणे! अण्णांचं लहानपण आण्यांच्या हिशोबात गेलेलं. दशमान नाणी आली ती १९५७ साली. त्यांना हे सांगायला ते असायला हवे होते. मातीतल्या माझ्या त्या काचेच्या गोटीने पंधरा आणे चोख दिले, आणि एक आणा कुठेतरी राहिला.

तो आणा म्हणजे तो 'टक्' असा आवाज.

खरंच. दोन काचा भेटल्याचा तो लहानसा, स्वच्छ आवाज, संध्याकाळभर गल्लीत उमटणारा, तो त्या एका आण्यातूनच आलेला होता. गोट्यांनी पुरे सोळा आणे परत केले असते, भेटीत काहीच मागे राहिलं नसतं, तर माळवाडीची ती संध्याकाळ संपूर्ण मुकी झाली असती. आज मला गोट्या कुठे गेल्या ते आठवत नाही, कोण जिंकलं ते आठवत नाही. तो आवाज मात्र आठवतो.

नववीत सरांनी फळ्यावर लिहिलं: संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत. खडूची पूड त्यांच्या बाहीवर पडत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र आईने पुजलेली मातीची केळी, तिच्या तोंडावर ठेवलेला पहिला आंबा, वाळ्याचं पाणी असं सगळं उभं राहिलं. 'अक्षय्य' हा शब्द मला तोवर फक्त त्या एका दिवसाचा म्हणून माहीत होता. ज्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने पाणी भरून द्यायचं, त्या दिवसाचा शब्द भौतिकशास्त्राच्या धड्यात येऊन बसला होता, आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नव्हतं. ज्याने कुणी ही परिभाषा मराठीत आणली त्याला मी मनोमन नमस्कार करते. 'कायम राहणं' म्हणता आलं असतं, 'न बदलणं' म्हणता आलं असतं. त्याने क्षय नसणं निवडलं.

आणि 'संवेग' हा शब्दही काही आजचा नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत तो साधकाच्या तीव्र ओढीसाठी येतो. बौद्धांच्या पाली परंपरेत संवेग म्हणजे जरा, व्याधी, मरण समोर बघून माणूस मुळापासून हादरतो तो हादरा. ओढही तोच, हादराही तोच, आणि गोटीची चालही तोच. मला हे तिन्ही अर्थ वेगळे काढता येत नाहीत. काढावेसेही वाटत नाहीत.

संवेगाला दिशा असते, हे त्याचं सगळ्यात मोठं दुःख. मातीचे दोन सारखे गोळे सारख्याच वेगाने समोरासमोर आले आणि चिकटले, तर दोघेही थांबतात. संवेगाच्या हिशोबात काही हरवलेलं नसतं. एक इकडचा, एक तिकडचा, बेरीज आधीही शून्यच होती. पण ऊर्जेला दिशा नसते. इकडून येणारी आणि तिकडून येणारी ऊर्जा एकमेकींना पुसून टाकू शकत नाहीत. ती सगळी त्या दोन गोळ्यांच्या अंगात उतरते. त्यांचा आकार मोडते, त्यांना किंचित कढत करते. बाहेरून बघणाऱ्याला सगळं स्तब्ध दिसतं. आत ऊब असते.

आमच्या गॅलरीतून महामार्ग दिसतो. रात्री दोन वाजता दिव्यांची एक माळ कात्रजकडून येते, एक मुंबईकडून, आणि दोघी एकमेकींना न शिवता निघून जातात. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा तो उतार पुण्यात कुणाला माहीत नाही? भरलेला ट्रक त्या उतारावर नुसतं वजन नसतो. अठराव्या शतकात हॉलंडमध्ये विलेम स्ग्रावेसांडेने पितळेचे गोळे उंचावरून मऊ मातीत सोडून पाहिले होते: वेग दुप्पट तर खड्डा दुप्पट नव्हे, चौपट. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातलेने १७४०च्या आपल्या ग्रंथात या चौपटीची बाजू उचलून धरली, थोरथोर माणसं ती मानायला तयार नव्हती त्या काळात. ताशी चाळीसचे ऐंशी झाले की काट्याला दुप्पट दिसतं, पण जे मुरायचं असतं ते चौपट झालेलं असतं. कधीतरी मध्यरात्री तो आवाज येतो. घरघर क्षणभर तुटते. मग कुत्री, मग हॉर्न, मग खूप उशिराने सायरन. मी पलंगावर उठून बसते. तिथे एक आणा जात नाही. सोळाही जातात. हल्ली मोटारींची नाकं मुद्दाम चुरगळतील अशी करतात म्हणे. पत्र्याने स्वतः चेपून घ्यायचं, म्हणजे आतल्या माणसाच्या वाट्याला कमी येतं. पत्र्याने दुसऱ्यासाठी घाव मुरवून घ्यावा, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

अण्णा म्हणायचे, घाव दोन प्रकारचे. सुटणारा आणि मुरणारा. ऐरणीवर नुसता हातोडा टाकला तर तो उडून परत येतो, हाताला झिणझिण्या देतो. तो सुटणारा. तापलेल्या लोखंडावर टाकला तर परत येत नाही. तो मुरणारा. "मुरला तर घडतं," ते म्हणायचे आणि पुढे काही बोलायचे नाहीत. तेवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

हा तांब्या त्यांनीच आणला, कसबा पेठेतल्या तांबट आळीतून. मी बरोबर होते, सात-आठ वर्षांची. आळीत शिरायच्या आधीच आळी ऐकू येऊ लागली. एका घरातून जड ठोके, दुसऱ्यातून हलके, तिसऱ्यातून इतके जलद की पाऊस वाटावा. आणि ते सगळे मिळून एक असं काहीतरी, ज्याच्यात शिरल्यावर माझे दातसुद्धा हलकेच वाजत होते. पेशवाईत कोकणातून येऊन इथे वसलेली ही तांबट घरं, आणि तेव्हापासूनचा हा नाद. एक म्हातारे कारागीर मठारत होते. तांब्याचं पोट लोखंडी खुंटीवर धरायचं, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एक ठोका, किंचित फिरवायचं, पुन्हा एक ठोका. ठोक्याला ठोका लागून, ओळीला ओळ लागून, त्या मंद तांबूस पत्र्यावर बारीक चकाकत्या टिकल्यांची जाळी उमटत होती. प्रत्येक टिकली म्हणजे एक मुरलेली टक्कर. अण्णांनी मला सांगितलं की तांबं मऊ असतं, आणि ते ठोक्यानेच कडक होतं. मठार ही नुसती नक्षी नाही, तिच्याने भांड्याला ताकद येते. मी हात लावून पाहिला. पत्रा कोमट होता.

कारागिरांनी मान वर केली नाही. त्यांची लय मोडली असती.

पुढे कितीतरी वर्षांनी आम्ही लोणारला गेलो. अण्णा निवृत्त झाले होते, गुडघे बोलायला लागले होते, पण त्यांना ते विवर बघायचंच होतं. बुलढाणा जिल्ह्यातला तो काळा बेसॉल्टचा मुलूख, एसटीची लांबलचक दुपार, आणि मग एकाएकी पायाखालची जमीन संपते. पावणेदोन किलोमीटरांहून थोडं अधिकच रुंद असं ते गोल विवर, सुमारे दीडशे मीटर खोल, तळाशी हिरवं, खारं, न हलणारं पाणी. माणसांनी त्या खारेपणाला लवणासुराची कथा दिली, त्याला मारणाऱ्या दैत्यसूदनाचं देऊळ गावात बांधलं. आभाळातून एक अश्म आला आणि इथे भेटला. परत गेला नाही. त्याच्यातलं बहुतेक सगळं वितळून, वाफ होऊन, खडकात आणि हवेत मिसळलं. त्याची चाल पृथ्वीने पोटात घेतली. आणि त्या भेटीच्या आचेने वितळलेल्या खडकाचे बारीक काचमणी झाले, ते अजून इथल्या मातीत सापडतात. आभाळानेही इथे गोट्या सोडल्या होत्या.

अण्णा काठावर बसले. खूप वेळाने म्हणाले, "पाहुणा आला आणि घरातच राहिला."

वारा खालून वर येत होता, खाऱ्या कुजकट वासाचा. त्यांनी एक खडा उचलला, मधलं बोट ताणलं, आणि उतारावरच्या दुसऱ्या खड्यावर नेम धरला. बसला. दोन्ही खडे गडगडत झाडीत दिसेनासे झाले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. नखांमधलं ते जुनं, कधीही न निघालेलं काळं तेल.

तो हात शेवटी माझ्या हातात होता. रात्र होती, महामार्ग चालू होता. श्वास थांबल्यावरही तो हात बराच वेळ कोमट राहिला, तांबट आळीतल्या त्या पत्र्यासारखा, आणि मग हळूहळू, इतका हळू की मला प्रत्येक पायरी कळत होती, तो खोलीइतका झाला. लोक म्हणतात, ऊब गेली. कुठे गेली ते मला माहीत आहे. थोडी पांघरुणात गेली, थोडी खोलीच्या हवेत, खिडकीबाहेर वारज्याच्या त्या पहाटेत. आणि थोडी, हे मी शास्त्राला धरून सांगते आहे, माझ्या तळहातात आली.

मी फरशी पुसून घेतली. उजाडलं होतं. आई भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आली, खुर्चीवर बसली आणि काही न बोलता हात पुढे केला. मी तांब्या तिच्या हातात दिला. तिला हल्ली नीट दिसत नाही. तिने अंगठा मठाराच्या टिकल्यांवरून सावकाश फिरवला आणि पोच्यांपाशी थांबत गेली. "हा घर बदललं तेव्हाचा, टेंपोतून पडला होता. हा तुझ्या भावाचा, दहावीच्या निकालाच्या दिवशी आपटला होता मेल्याने. हा काठाजवळचा अण्णांचा, रात्री अंधारात पाणी घेताना." मग अंगठा नव्या खळग्यात गेला. नेमका बसला. "आणि हा आत्ताचा, तुझा."

"तांबट आळीत नेऊन पोचे काढून आणू का?" मी विचारलं.

"कशाला?" आई म्हणाली. "केळी भरायची राहिलीय. अण्णांची. पाणी घे."

मी तांब्या नळाखाली धरला. भरत गेला तसा त्याचा आवाज चढत गेला. काठापर्यंत आल्यावर नळ बंद केला, बाहेरून पदराने कोरडा केला आणि ओट्यावर ठेवून थोडा वेळ पाहिलं.

तांब्या गळत नाही.